दहा फेऱ्या

ज्ञानूने जीभ चावली, म्हणून मी थांबले. एरवी हातखंब्याच्या तिठ्यावर मी कधीच थांबत नाही. ट्रक, भोंगे, आणि रस्ता रुंद करायचा म्हणून जिकडेतिकडे उकरून ठेवलेली लाल माती...

गणपती जाऊन आठवडा झाला होता. पाऊस म्हटला तर होता, म्हटला तर नव्हता. चष्म्याच्या काचेवर तेवढा कळायचा. खड्डा पाण्याने भरलेला, त्यामुळे किती खोल ते दिसलं नाही. आप्पांची शंभर सीसीची मोटारसायकल पुढून वाकली, मागून धाडकन आपटली आणि माझ्या पाठीशी पट्ट्याने बांधलेली चार वर्षांची पोर भोकाड पसरून रडायला लागली. वळून पाहिलं तर हनुवटीवर रक्त.

पट्टा सुटेना. तिला कसंबसं उतरवून रस्त्याच्या कडेला बसले आणि "आ कर, ज्ञानू, आ कर" एवढंच म्हणत राहिले.

"ही धर. चावायची नाय हां, नुसती चोखायची."

नारिंगी रंगाची एक पेप्सीकांडी माझ्या खांद्यावरून पुढे आली. मागे पत्र्याची शेड होती, तिथून एकजण आला होता. तिशीचा असेल. कपड्यांवर तेलाचे डाग, पण नखं स्वच्छ. मी असं सगळं आधी बघते. लहान मूल हाताशी असलं की माणसाची नखं बघायची सवयच लागते.

ज्ञानूने कांडी तोंडात धरली आणि रडणं निम्म्यावर आलं.

"गार लागलं की रक्त थांबतं," तो म्हणाला. मग गाडीकडे वळला, मागच्या सीटवर दोन्ही तळहात ठेवून खाली दाबलं आणि सोडलं. गाडी आमच्याकडे बघून मान डोलवावी तशी तीन-चारदा खालीवर झाली. "मॅडम, चूक तुमची नाय. शॉकअप मेलेत."

"मी कुठे म्हटलं माझी चूक आहे?"

"म्हटलं नाय. पण मघापासून स्वतःलाच मारल्यासारखं तोंड केलंय तुम्ही."

मला राग यायला हवा होता. आला नाही... आणि तो का आला नाही याचाच मग मी खेडशीपर्यंत विचार करत गेले.

त्याचं नाव संदेश पाष्टे. मी नम्रता. पालीला आप्पांकडे, म्हणजे वडिलांकडे राहते. रत्नागिरीत एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. ज्ञानूची बालवाडी तिथेच मागच्या गल्लीत. म्हणून रोज दोघी जोडीने जातो, जोडीने येतो. ज्ञानूचे बाबा मुंबईला असतात. तिथे त्यांचा दुसरा संसार आहे. दोन वर्षांपूर्वी कागदावर सह्या झाल्या आणि तो विषय संपला. माझ्यापुरता संपला. ज्ञानू त्यानंतर सहा महिने, कोणाचीही गाडी वाजली की धावत दारात जाऊन उभी राहायची.

ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढे मी जे केलं ते यामुळे केलं.

*

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी गाडी घेऊन शेडमध्ये गेले. म्हटलं, नवीन शॉकअप बसवून द्या. आहेत तसेच, कंपनीचे.

"तसलेच घालून तसलीच आपटणार," तो म्हणाला. "ही गाडी एका माणसाने सपाट रस्त्यावर दूध घालत फिरावं म्हणून केलेली. आपले रस्ते बघा. पुढच्या नळ्यांत जाड तेल घालू, आतल्या स्प्रिंगवर थोडा दाब वाढवू. मागे गॅसचे शॉकअप बसवू, मोठ्या गाडीचे. पण मोठी गाडी जड असते. त्यांची स्प्रिंग तुमच्या वजनाला पटली पाहिजे. तेव्हा... वजन किती?"

"कोणाचं?"

"तुमचं."

"बायकांना असं विचारतात?"

"मी बायकांना नाय विचारत हो. सीटवर बसणाऱ्याला विचारतोय."

शेजारी सगुणाकाकीचं नारळ-सुपारीचं दुकान. मेमध्ये आंब्याच्या पेट्या तोलतात तो मोठा काटा तिच्या दारात बारा महिने उभा. ती सगळं ऐकत होतीच.

"काय रे मेल्या, लाज नाय? गो बाय, तू चढ काट्यावर. त्याला नको सांगू, मी मनात ठेवीन."

मी ज्ञानूला कडेवर घेऊन चढले. काकीने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अख्ख्या तिठ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पासष्ट! पोरीसकट हां. पोरीसकट. अंगाने हलकीच आहे."

संदेश खाली मान घालून हसत होता. कान लाल झालेले मला दिसले.

मग त्याने टेप काढली. मागच्या चाकाच्या नटापासून सीटखालच्या खुणेपर्यंत आधी रिकाम्या गाडीचं माप घेतलं, मग आम्हा दोघींना बसवून. बसल्यावर गाडी किती दबते, ते बघायचं. फार दबली तर खड्ड्यात आपटणार, अजिबात दबली नाही तर उडवणार.

"म्हणजे हूकचा नियम," मी म्हटलं. "जेवढं बल, तेवढी स्प्रिंग दबणार."

"कोणाचा नियम?"

"हूक नावाचा माणूस होता."

"तो पण गॅरेजवाला?"

मी हसले. किती दिवसांनी, ते मोजलं नाही. मोजायची सवय असूनही.

*

आता त्याची कामाची पद्धत सांगते, कारण सगळं त्या पद्धतीपाशीच येऊन थांबलं.

एकदा काही बदललं की लगेच निकाल द्यायचा नाही. नवी स्प्रिंग बसायला वेळ घेते, तेल मुरायला वेळ घेतं, आणि माणसाचं मन नव्या वस्तूला पहिल्या दिवशी चांगलंच म्हणतं. म्हणून तोच रस्ता, तेच वजन, तोच वेग, अशा दहा फेऱ्या मारायच्या. प्रत्येक फेरीला वहीत लिहायचं: कुठे आपटलं, कुठे उसळलं, पुढून की मागून. मध्येच काही बदललं, टायरमधली हवा जरी, तरी पुन्हा एकपासून सुरुवात.

"दहाच्या आत माझ्याकडे यायचं नाय," तो म्हणाला. "आलात तरी मी हात लावणार नाय."

प्रयोगशाळेत आम्हीही मुलांना हेच सांगतो. एका वाचनावर भरवसा ठेवायचा नाही. मला तर ती पद्धत अशी आवडली... माणूसही आवडला का, ते तेव्हा कळलं नाही.

मी वही केली. 'कारवांची वाडी, वळण, मागून आपटलं, ज्ञानू म्हणाली पोटात गुदगुल्या.' 'कुवारबाव, गतिरोधक, पुढून ठीक.' दहा झाल्या की वही त्याच्या हवाली. तो समासात लिहायचा, बारीक, नीटस अक्षरात. 'मागे एक घर वर केलं.' मागच्या शॉकअपला दाब कमी-जास्त करायला पाच घरं असतात, ती एकेक करून तो फिरवायचा. हळूहळू समासात दुसरंही येऊ लागलं. 'पाचव्या फेरीत अक्षर थरथरलंय. घाईत होतात?' मी खाली लिहायचे, 'ज्ञानू खोकत होती.' त्याखाली, 'आता कशी आहे?'

दुसऱ्या दहा फेऱ्यांनंतर मात्र तो वैतागला. हिशेबाने सगळं बरोबर, तरी गाडी मागून आपटतेच.

"मॅडम, तुम्ही मला काहीतरी सांगत नाय आहात."

"मी? मी तर सगळं लिहिते."

तो गाडीभोवती फिरला. मागच्या कॅरिअरला माझी पिशवी होती, नेहमीसारखी. ती त्याने उचलली आणि थांबला. परत उचलली. मग काकीच्या काट्यावर नेऊन ठेवली.

"नऊ किलो!" काकी ओरडली. "काय गो, त्यात शॉकअपच घेऊन फिरत्येस काय?"

तो एकेक वस्तू बाहेर काढू लागला. दोन डबे. पाण्याच्या तीन बाटल्या. ज्ञानूचे तीन फ्रॉक, स्वेटर, रेनकोट. तापाचं औषध, उलटीचं औषध, थर्मामीटर. टॉर्च. दोरी. ज्ञानूच्या लशींची फाइल. एक नारळ.

"नारळ?"

"तो... राहिला असेल."

"हे रोज?"

"रोज."

"कशाला?"

"लागलं तर?"

"आजपर्यंत कधी लागलं?"

"नाही. हे सगळं बरोबर असतं म्हणूनच लागत नाही."

तो हसला नाही. सगळं पुन्हा नीट पिशवीत भरलं, नारळसुद्धा, आणि म्हणाला, "बरं. मग या पिशवीसकट गाडीचे शॉकअप लावू. पिशवी काढा म्हणून मी सांगणार नाय."

आजवर सगळ्यांनी मला सांगितलं होतं की नम्रता, एवढी काळजी करू नकोस. आप्पांनी, बहिणीने, ज्ञानूच्या बाबांनी तर जास्तच. माझ्या काळजीचं वजन धरून गाडी लावणारा हा पहिलाच.

त्या दिवशी घरी जाताना हेल्मेटमध्ये मी गुणगुणत होते. ज्ञानूने मागून विचारलं, "आई, तुला काय झालं?"

*

परतीचा पाऊस गेला. कातळावरची पिवळी-जांभळी फुलं येऊन सुकलीसुद्धा. भात कापून झाला आणि आम्ही अजून फेऱ्याच मारत होतो. खरं तर गाडी एव्हाना चांगलीच चालत होती. मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. 'पुढून किंचित उसळते,' असं मी उगाच लिहायचे आणि तो गंभीर चेहऱ्याने नळ्या उघडायचा. आत बसवायला प्लंबिंगच्या पाइपाचे तुकडे कापायचा आणि उरलेल्या कड्या ज्ञानूच्या मनगटात घालायचा. ज्ञानू त्याला 'शॉकअपकाका' म्हणू लागली होती.

"तुमचं नाव वहीत कुठेच नाय," एकदा तो म्हणाला.

"मग काय लिहू? चालक, नम्रता?"

"चालक नको. नुसतं नम्रता."

"आणि तुम्ही मॅडम म्हणणं कधी सोडणार?"

"दहा फेऱ्या झाल्या की." आणि मग तोच लाजला.

तुळशीचं लग्न झालं. शेडच्या खांबावर लाल रंगाची खूण दिसली. रस्त्यात जाणार होती शेड. दोन दिवसांत खाली करायची होती.

"संगमेश्वरला मामाची जागा आहे, तिकडे टाकतोय," तो म्हणाला. "आई तिथेच असते. खूश आहे. म्हणते, आता डोळ्यांसमोर राहशील, तुझं लग्न करून टाकते."

मी पिशवीचा बंद घट्ट केला. तो घट्टच होता.

मागचं चाक उचललेलं, तो खाली बसलेला, हातात शॉकअपचा पाना. ज्ञानू त्याच्या स्टुलावर बसून काकीच्या मांजरीला काहीतरी सांगत होती.

"आज घरं शेवटची लावतोय," तो म्हणाला. वर न बघता. "एक विचारू? मला फिरवून बोलता येत नाय."

"विचारा ना."

"दोघींच्या वजनावर लावू... की तिघांच्या? तिसरा मी. म्हणजे गाडीवर नाय फक्त. तुमच्या घरात. तुमच्या आप्पांना येऊन रीतसर विचारीन. पण आधी तुम्हाला."

सांगते, माझ्या आत काय झालं ते. आधी एकदम उजेड पडल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी ज्ञानूचे शब्द कानावर आले. ती मांजरीला सांगत होती, "हा माझा काका आहे. हा कुठे जाणार नाहीये."

मला ती दारात उभी असलेली दिसली. सहा महिने. प्रत्येक गाडीच्या आवाजाला.

"दोघींच्याच," मी म्हणाले.

एवढं पटकन म्हणाले की माझं मलाच कळलं नाही. त्याने पाना लावला आणि घर फिरवलं. टक्. दुसऱ्या बाजूचंही तेवढंच. टक्. हात पुसले, चाक खाली घेतलं, टेपने पुन्हा एकदा मोजलं. रागाने नाही, घाईने नाही. नेहमी मोजायचा तसंच, अर्ध्या बोटाचाही फरक राहू न देता.

"झालं," तो म्हणाला. "संभाळून चालवा, मॅडम."

*

तिसऱ्याच दिवशी मला कळलं होतं की मी चुकले. तिसऱ्याच दिवशी! कुवारबावच्या गतिरोधकावरून गाडी पाण्यावरून जावी तशी गेली आणि मला रडू आलं. तेव्हाच फोन करायचा. नंबर वहीच्या पहिल्या पानावर होता.

पण मी काय केलं? विचार केला, हेही एकच वाचन. रडू काय, दमल्यावरही येतं. आपला प्रश्न असता तर गोष्ट वेगळी, प्रश्न ज्ञानूचा आहे. पक्कं कळल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मी वहीचं नवीन पान उघडलं आणि रोज शेडच्या जागेवरून जाताना स्वतःला विचारायचं ठरवलं — हो की नाही? दहा दिवस सलग 'हो' आलं, तर जायचं.

त्याचीच पद्धत. मला वाटलं, त्याला आवडेल.

पाच दिवस 'हो' आलं. सहाव्या दिवशी ज्ञानूला ताप भरला. चार दिवस घरी. नियम म्हणजे नियम, पुन्हा एकपासून. दुसऱ्यांदा सात वेळा 'हो' आलं आणि आठव्या दिवशी मुंबईहून फोन आला, ज्ञानूला भेटायचं म्हणत होते. त्या दिवशी मी लिहिलं, 'माहीत नाही.' पुन्हा एकपासून.

सगुणाकाकीने दुकान रस्त्याच्या पलीकडे हलवलं होतं. एकदा तिने मला हात करून थांबवलं.

"काय गो, संदेशला फोन केलास?"

"करणार आहे, काकी. जरा खात्री..."

"खात्री!" तिने सुपारी कातरता कातरता अडकित्ता खाली ठेवला. "भात झाला की नाय ते एक शीत दाबून कळतं. तू अख्खं पातेलं दाबत बसलीस. अशाने तो झाला तरी खाणार कोण?"

मी हसून गाडी सुरू केली. आणि घरी जाऊन लिहिलं: तिसरी खेप, चौथा दिवस, हो.

दहावं 'हो' आलं तेव्हा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. आप्पांना मी सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "मुलगा काय करतो ते मला विचारायचं नाही. माझी गाडी ज्याने अशी केली, तो माणूस कसा ते मला कळतं. जा."

*

रविवारी निघालो. निवळीपर्यंत ज्ञानू बडबडत होती, पुढे माझ्या पाठीवर गाल टेकून गप्प झाली. हवेत गारवा होता. काय बोलायचं ते मी पाठ करत होते. 'संदेश, मी चुकीचं सांगितलं.' नको, फार कोरडं. 'संदेश, तिघांच्या...' इथे माझं मलाच हसू यायचं.

संगमेश्वरची शेड नवी कोरी होती. तो बाजारात गेला होता. मागच्या घरातून त्याची आई बाहेर आली. ठेंगणी, कपाळाला मोठं कुंकू, ओला हात पदराला पुसत.

"हातखंब्याची गिऱ्हाईकं काय तुम्ही? बसा हां, येईलच. चाय ठेवते. आणि हिला... काय गो तुझं नाव? ज्ञानेश्वरी? अगो बाय माझी! थांब, तोंड गोड करते तुझं."

पेढ्याचा बॉक्स होता. ज्ञानूने एक घेतला. माझ्यापुढे बॉक्स धरून ती म्हणाली, "घ्या ना. संदेशची सुपारी फुटली. गेल्या रविवारीच. मुलगी देवरुखची. किती दिवस नाय नाय म्हणत होता, थांब म्हणत होता. कशासाठी थांबायचं ते काय सांगत नव्हता."

मी पेढा घेतला. खाल्लाही. गोड होता... एवढंच आठवतं.

तो आला तेव्हा मी गाडीपाशी उभी होते. ज्ञानू "शॉकअपकाका!" करत त्याच्या पायाला बिलगली. त्याने तिला उचललं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गाडीला काय झालं?"

"काही नाही. छान चालते."

"मग?"

"अभिनंदन."

ज्ञानूला त्याने खाली ठेवलं, ती त्याच्या आईकडे पळाली. मग तो हळू म्हणाला, "एवढ्या लांब अभिनंदन करायला नाय आलात तुम्ही."

खोटं बोलणार होते. जमलं नाही.

"मी मोजत होते," मी म्हटलं. "दहा दिवस सलग हो यायला हवं होतं. मध्येच ज्ञानूला ताप आला, मग पुन्हा पहिल्यापासून... मग आणखी एकदा. गुरुवारी दहा झाले."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो मटकन शेडच्या पायरीवर बसला.

"अहो... दहा फेऱ्या शॉकअपला." तो म्हणाला. "माणसाला नाय. मला तुमचं एक 'थांबा' पुरलं असतं. वर्षभर थांबलो असतो."

"मला कळलं नाही."

"मीही वेडा. तुम्ही 'दोघींच्याच' म्हणालात आणि मी ऐकून टाकलं. एकदाच विचारलं."

रस्त्यावरून एक एसटी गेली. धूळ बसल्यावर मी विचारलं,

"मुलगी कशी आहे?"

"चांगली आहे. साधी आहे. तिला शब्द दिलाय, नम्रता."

नम्रता. पहिल्यांदाच म्हणाला.

"मोडू नका," मी म्हणाले. "मी शब्द मोडायला सांगायला आले नाही. तिच्या घरच्यांनी सगळीकडे सांगितलं असेल. ती कोणाची तरी ज्ञानूच आहे ना... फक्त तुम्हाला एवढं कळावं. तुम्ही नको होतात म्हणून मी तसं म्हटलं नव्हतं. मी घाबरले होते."

"ते मला माहीत होतं," तो म्हणाला. "पिशवी मीच तोलली होती ना."

आम्ही दोघं हसलो. हसता हसता त्याने तोंड फिरवलं आणि सवयीने मागच्या सीटवर दोन्ही हात ठेवले. दाबलं. सोडलं. गाडी एकदाच वर आली आणि शांत झाली.

निघताना ज्ञानूला त्यानेच पट्ट्याने बांधलं. दोनदा ओढून पाहिलं. मग आपली गाडी काढली.

"पुढे डायव्हर्जन आहे, माती टाकलीय. बावनदीच्या पुलापर्यंत येतो."

"कशाला?"

"असंच."

तो मागे राहिला, बरोबरीने आला नाही. आरशात त्याचं निळं हेल्मेट दिसत होतं. कधी ट्रक मध्ये यायचा आणि ते दिसेनासं व्हायचं, मग पुन्हा दिसायचं. मी वेग कमी करून पाहिला. त्यानेही कमी केला. वीस किलोमीटर आम्ही असे चाललो. माझ्या आयुष्यातली तेवढीच त्याच्याबरोबरची फेरी.

पुलाच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली. मी थांबले, मागे वळले. तो ओरडून म्हणाला, "पोचलीस की मिस्ड कॉल दे!"

मी मान हलवली. बोलायला गेले असते तर थांबलेच असते.

पुलावर चढले तरी मी आरशातच बघत होते. तो हलला नव्हता. पाय टेकून तसाच उभा, लहान लहान होत गेलेला. आणि मी — जिला रस्त्यावरचा प्रत्येक दगड आधी दिसतो, जी कधी समोरून नजर काढत नाही — मी पुलापलीकडचा तो भला मोठा खड्डा पाहिलाच नाही.

चाक आत गेलं. माझा हात मागे ज्ञानूकडे गेला...

गाडी दबली, सावरली आणि हलकेच वर आली. ज्ञानू माझ्या पाठीवर गाढ झोपली होती. तिचा श्वाससुद्धा चुकला नव्हता.

आरसा रिकामा झाला होता. मी हेल्मेटची काच खाली ओढली आणि पालीचा रस्ता धरला.